जिल्हा एक, म्हणून जुळलं म्हणे!

काऊन बाप्पा, प्रशिक्षणाच्या जागा जुळवून देणारं हे सॉफ्टवेअर बनवणाऱ्यानं गडचिरोलीचा नकाशा तरी पाह्यला का? दर वेळी तेच. पदवी झालेल्या पोट्ट्यायनं प्रशिक्षणासाठी नाव नोंदवलं की स्क्रीनवर हिरवी खूण: 'आपल्याच जिल्ह्यात जागा उपलब्ध.' पोट्टी सिरोंच्याची, जागा देसाईगंजला! जिल्हा एकच, पण मधात २०० किलोमीटरहून जास्त रस्ता. त्यापरीस नदी ओलांडून तेलंगणात काम धरलेलं जवळ पडते. अन् पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद. पोर्टलवर मात्र पोट्टा 'गैरहजर', विद्यावेतन कापलं.

बरं, शिक्षण तरी जुळवा! बी.एस्सी. ॲग्रीवाला झेरॉक्स काढत बसते अन् बी.कॉम.वाली मातीचे नमुने पिशवीत भरते. उमेदवाराची अन् काम देणाऱ्याची, दोघांचीही पसंती धरून जोड्या लावायची रीत डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या अमेरिकन गणितज्ञांनी १९६२ सालीच मांडून ठेवली. शॅप्लीला २०१२ मध्ये नोबेलही भेटलं. अमेरिकेत शिकाऊ डॉक्टरांच्या जागा याच तत्त्वावर भरतात. आमच्याकडं पसंतीचा रकाना आहे, लाल चांदणीसकट, भरल्याबिगर पुढं जाऊच देत नाही. वाचत मात्र कोणीच नाही.

तक्रार करावं तं ओटीपी येईस्तोवर वेळ संपून जाते, कारण रेंज टेकडीवर. कसाबसा हेल्पलाइनवाला सापडला, तं तो शांतपणे विचारते, "मॅडम, ऑटोनं नाही जाता येणार का?"