पास फुकट, गाडी गायब

सकाळी पावणेसातला पुतणीचा फोन. "काका, आजपण एसटी नाही आली." रडत नव्हती, तेच जास्त लागलं. पोरीला सवय झालीय. अकरावीला आहे, कॉलेज पाटणला. अहिल्याबाई होळकर योजनेचा पास आहे, गावाकडच्या मुलींना बारावीपर्यंत फुकट. पास दप्तरात आणि पोरगी वडापच्या, म्हणजे खाजगी जीपच्या, मागच्या फळीवर, अर्धी आत अर्धी बाहेर.

डेपोत फोन लावला. कुठला ते लिहीत नाही. कंट्रोलर म्हणाले, "त्या फेरीला भारमान नाही हो."

भारमान! म्हणजे गाडीतल्या सीटांपैकी किती भरतात ते.

आमच्या वाडीत मुक्कामी गाडी यायची. रात्री साडेआठला येणार, सकाळी सहाला सुटणार. ड्रायव्हर-कंडक्टर मारुतीच्या देवळात झोपायचे, कालवण-भाकरी आमच्याकडून. २००३ साली बारावीचा फिजिक्सचा पेपर. रात्रभर जागलो आणि पहाटे डोळा लागला तो लागलाच. सहा वाजले, गाडी चालू करून उभी, माझा पत्ता नाही. कंडक्टर मामा तिकिटाची पेटी काखेत मारून थेट आमच्या दारात. चिमट्यानं कडी वाजवली आणि आईला म्हणाले, "वहिनी, पोरगं कुठाय? पेपर हाय न्हवं आज?"

त्या दिवशी गाडीत मला धरून सात माणसं होती. काढा भारमान.

१९५० चा मार्ग परिवहन महामंडळ कायदा आहे. १८ वं कलम म्हणतं, लोकांना पुरेशी, कार्यक्षम, काटकसरीची सेवा द्या. २२ वं म्हणतं, कारभार धंद्याच्या तत्त्वावर करा. आता वाडीवर सकाळी सहाला गाडी पाठवण्यात कसला आलाय धंदा? दोन्ही कलमं एकाच डेपोच्या डोक्यावर, आणि मधला तोटा कोण भरणार ते कुणीच धड सांगत नाही. ३४ व्या कलमाखाली सरकार महामंडळाला सूचना देऊ शकतं. सूचना द्यायला काय जातंय, खिशात हात घाला की!

नाही म्हणायला सरकार पैसे देतं. ७५ च्या पुढच्यांना फुकट, मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट, त्याची भरपाई सरकारकडून. आई खूश आहे, मीही आहे. पण ती भरपाई तिकिटामागे. माणूस चढला तर पैसे. गाडीच आली नाही तर माणूस चढणार कशात? आणि चढलाच नाही की पुन्हा तेच, भारमान नाही.

खाजगी कंपनीकडून भाड्यानं गाड्या घेताना मात्र करार कसा होतो? किलोमीटरला दर. आत सात माणसं असोत नाहीतर सत्तर, कंपनीचे किलोमीटरचे पैसे ठरलेले. मग तसाच करार सरकारनं आमच्या वाडीच्या फेरीसाठी आपल्याच एसटीशी का करू नये? सकाळी सहा आणि संध्याकाळी साडेपाच, इतके किलोमीटर, इतका दर, फेरी चुकली तर कापा पैसे. युरोपात २००७ चा असा नियमच आहे. परवडत नाही तिथं लोकांसाठी गाडी चालवायला लावायची, तर आधी करार करायचा आणि भरपाई कशी मोजायची ते त्यात लिहायचं. फुकटची समाजसेवा कुणाच्या गळ्यात मारायची नाही.

रिकाम्या गाड्या पळवून डिझेल जाळू नये, हे मान्य. कुठल्या वाडीला छोटी गाडी पुरेल, तेही मान्य. आणि वडापवाल्याला शिव्या देणार नाही, टप्प्या-टप्प्यानं माणसं भरायचा परवाना नसला तरी आज पोरगी त्याच्यामुळेच कॉलेजात पोचली.

पण मला सांगा, तो जीपवाला कुणाच्या दाराची कडी वाजवायला उतरेल का? त्याचं तरी काय चुकलं म्हणा. त्याला पुढचं सीट भरायचंय.

कंट्रोलरना जरा जास्तच बोललो सकाळी. चुकलं. त्यांच्याकडेही ड्रायव्हर कमी, गाड्या जुन्या, आणि वरून रोज उत्पन्नाचा हिशोब मागणार. संध्याकाळी फोन करून तसं सांगितलं. हसले बिचारे. म्हणाले, ग्रामपंचायतीचा ठराव आणि पोरांच्या पासांची यादी घेऊन या, वर पाठवतो. सोमवारी जातोय. वाडीतले कोण कोण येणार, खाली लिहा. नुसता अंगठा दाखवू नका.

आत्ता आईला विचारलं, त्या कंडक्टर मामांचं नाव काय गं? तिलाही आठवेना. म्हणाली, "विट्याकडचे होते. तिखट चालायचं नाही त्यांना, कालवण वेगळं काढून ठेवायचे मी."