आयर्लंडचं नाव ठरावातून काढा

पुण्यात पाण्याला मीटर लावायचा विषय निघाला की दोन्ही बाजूंना अचानक परदेश आठवतो. मीटर हवा म्हणणारे सांगतात, "तिकडे लोक थेंबाथेंबाचे पैसे निमूट मोजतात." नको म्हणणाऱ्यांना आयर्लंडचा शोध लागलाय: "तिकडे जनतेने सरकारला वाकवलं, आपणही वाकवू." माझा दादा ज्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे तिथे हा दुसरा पक्ष जोरात आहे. महापालिकेच्या समान पाणीपुरवठा योजनेचे मीटर बसवायला आलेल्या माणसांना त्यांनी गेटवरूनच वाटेला लावलं, वर ठराव केला आणि त्यात आयर्लंडचा दाखला घातला. मी डब्लिनजवळ ल्यूकनला राहतो, म्हणून दादाने तो मोठ्या कौतुकाने मला पाठवला. वाचून डोकंच फिरलं.

इथे घडलं ते असं. १९९७ पासून घरगुती पाण्याला वेगळी पट्टी नव्हती, खर्च सरकारी तिजोरीतून व्हायचा. २०१० मध्ये देश कर्जात बुडाला, आयएमएफ आणि युरोपीय संघाने हात दिला, त्यासोबत पाण्याच्या आकारणीची अट आली. 'आयरिश वॉटर' ही कंपनी निघाली, फुटपाथ खोदून मीटर बसू लागले. नोंदणीला पीपीएस नंबर (आपल्या आधारसारखा सरकारी ओळख क्रमांक) मागितला तसे लोक आणखी बिथरले. २०१४ च्या हिवाळ्याच्या तोंडावर डब्लिनमध्ये प्रचंड मोर्चे निघाले. घरांच्या वसाहतींच्या तोंडाशी आज्या थर्मास घेऊन मीटरच्या खड्ड्याभोवती ठाण मांडून बसल्या. सरकारने रक्कम खाली आणली: एकट्या प्रौढाच्या घराला वर्षाला १६० युरो, बाकीच्यांना २६०, शिवाय १०० युरो अनुदान परत. तरी लोक ऐकेनात. २०१६ च्या निवडणुकीनंतर आकारणी स्थगित झाली, २०१७ मध्ये गुंडाळलीच, आणि ज्यांनी भरले होते त्यांचे पैसे परत द्यायचं ठरलं. तेव्हा पंतप्रधान होते लिओ वराडकर, ज्यांचं मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. दादाच्या ग्रुपवर एवढी एकच गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ आहे.

आता ठरावात नसलेलं सांगतो. "आम्ही मिळकतकरातून पाणीपट्टी भरतोच" हे वाक्य इकडच्या "आम्ही टॅक्समधून भरतोच"सारखं ऐकू येतं खरं. पण पुण्यात ती पट्टी ठरते घराच्या करपात्र मूल्यावर. रोज सकाळी पाइप लावून दोन गाड्या आणि अर्धा रस्ता धुणारा आणि बादलीत आंघोळ उरकणारा, घरं सारखी असतील तर पट्टीही सारखीच. आणि शहराच्या कडेला वाघोली, उंड्रीकडे लोक कर भरून वर टँकरचे पैसे मोजतात. दादाच्या सोसायटीतल्या एकाही वक्त्याच्या तोंडून टँकर हा शब्द निघाल्याचं मला आठवत नाही.

"तिकडे पाऊस धो धो" असाही एक समज आहे. पडत नाही हो धो धो. डब्लिनचा वर्षाचा पाऊस आणि पुण्याचा पाऊस जवळपास सारखाच, ७०० ते ७५० मिलिमीटर. इथे तो बारा महिने रिपरिपतो, तिथे चार महिन्यांत उरकतो. म्हणून तर पुण्याला घाटाकडचं पाणी पानशेत, वरसगावच्या धरणांत अडवून ठेवावं लागतं, आणि तेच पाणी नेणाऱ्या खडकवासल्याच्या कालव्याकडे दौंड-इंदापूरचा शेतकरी डोळे लावून बसतो. डब्लिनकराने नळ सोडून ठेवला म्हणून खालच्या कुणाचा ऊस वाळत नाही.

मीटरवाल्यांनीही फार खूश होऊ नये. इथली शिस्त म्हणाल तर २०१४ च्या सुमारास शुद्ध केलेल्या पाण्यापैकी जवळपास निम्मं पाणी गळून जात होतं. २०१८ च्या मार्चमधल्या बर्फवादळानंतर डब्लिनमध्ये रात्री नळाचा दाब उतरवला. २०१९ च्या शरद ऋतूत लेक्सलिपच्या जलशुद्धीकरण केंद्रातल्या बिघाडामुळे लाखो लोकांना पाणी उकळून प्या म्हणून सांगितलं. त्या संध्याकाळी लिडल सुपरमार्केटमध्ये पाण्याच्या शेल्फवर लिंबाच्या चवीच्या फेसाळ बाटल्या तेवढ्या उरल्या होत्या. बायको म्हणाली, यात भात कसा शिजवू? शेजारी हवालदिल झालेले, आम्ही मोठं पातेलं चढवलं. पुण्यात वाढलेल्याला पाणी उकळायला सांगावं लागत नाही. मला त्या दिवशी उगाचच थोडा अभिमान वाटला.

उदाहरणच पाहिजे तर कऱ्हाडजवळच्या मलकापूरचं घ्या की. चोवीस तास पाणी, मीटर, वापर वाढेल तसा चढा दर, हे त्या छोट्या गावाने कधीच करून दाखवलंय. पण कऱ्हाडचा दाखला दिला तर सोसायटीत कोण मान डोलावणार? आधी चोवीस तास पाणी द्या, मग मीटर वाचा, एवढीच मागणी केली असती तर मीही सही केली असती.

हे सगळं दादाला लिहिलं. त्याचं उत्तर एका ओळीचं: "तू किती मोर्च्यांना गेला होतास?"

एकाही नाही. पहिलं बिल आलं तसं भरून टाकलं. माझ्या घराच्या रांगेतल्या बहुतेकांनी भरलं नव्हतं. नागरिकत्वाचा अर्ज करायचा होता, आपल्या नावावर थकबाकी नको, एवढंच डोक्यात. ती शिस्त नव्हती, पाहुणा जसा यजमानाच्या घरी ताट स्वच्छ करतो तसं होतं ते. पैसे परत आल्याचा चेक दाखवला तेव्हा शेजारचा निवृत्त बसड्रायव्हर हसून म्हणाला, "तुझ्यासाठी आम्ही थंडीत उभे होतो." त्याला काय बोलणार? आजही इथे कुठल्या सभेत हात वर करताना मी आधी आजूबाजूला बघतो.

पुण्यात तरी बघावं लागत नाही, असं मला वाटायचं. त्याच सोसायटीत माझा एक फ्लॅट आहे. वर्षानुवर्षं कुलूप, पाण्याचा थेंब वापर नाही, तरी मिळकतकरात पाणीपट्टी भरतोय. रविवारी फोनवर वहिनीने अगदी सहज विचारलं, "मीटर आले तर तुमचं बिल शून्यावर येईल ना हो, भाऊजी?" येईल. निदान बरंच उतरेल. मी तरीही म्हणतो मीटर हवा, पण त्यानंतर माझं बोलणं जरा मऊ झालं हे खरं.

ठरावातून आयर्लंडचं नाव काढा, असं पत्र मी रीतसर पाठवलंय. हजर नसलेल्या सभासदाचं मत धरता येत नाही, असं सेक्रेटरींनी रीतसर कळवलं.