स्नोने पंपाचं हँडल तोडलं आणि कॉलरा थांबला? नाही हो

तो मेसेज परत फिरतोय. १८५४, लंडनचा सोहो भाग, कॉलरा, डॉ. जॉन स्नोने नकाशावर टिंबं काढली, त्यावरून ब्रॉड स्ट्रीटचा पंप पकडला, रात्री जाऊन हँडल तोडलं, साथ थांबली, सरकार हादरलं. माणूस ग्रेटच होता, पण हे असं झालं नाही.

आधी ते तोडणं. ७ सप्टेंबरला स्नो सेंट जेम्स पॅरिशच्या (त्या भागाचा स्थानिक कारभार पाहणाऱ्या) गार्डियन्सच्या मीटिंगमध्ये गेला, आपलं म्हणणं मांडलं, त्यांना फारसं पटलं नव्हतं तरी दुसऱ्या दिवशी त्यांनीच हँडल काढायला लावलं. म्हणजे काम पॅरिशच्या कमिटीने केलं, ज्यांचं नावही मेसेजमध्ये नाही.

नकाशा नंतरचा, डिसेंबरात दाखवलेला. पाण्यातून कॉलरा पसरतो हे स्नो १८४९ पासूनच सांगत होता. इथे त्याने मृतांची यादी मिळवली आणि दारोदार फिरला, आणि खरी मजा अपवादांत होती: पंपाजवळच्या ब्रुअरीतले सत्तरेक कामगार वाचले कारण ते बिअर प्यायचे, जवळच्या वर्कहाऊसमध्ये (गरिबांना ठेवायची जागा) ५३५ माणसं पण मेली ५ च, त्यांचा स्वतःचा पंप होता. उलट लांब हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा बाई गेली, तिला याच पंपाचं पाणी आवडायचं म्हणून ती रोज मागवायची!

साथ हँडलमुळे थांबली म्हणता? ती आधीच उतरली होती, लोक घरं सोडून पळाले होते, हे स्नोने स्वतः लिहिलंय.

आता ज्याला मेसेजमध्ये जागाच नाही तो माणूस. सेंट ल्यूक्स चर्चचा तरुण पाद्री हेन्री व्हाइटहेड. स्नो चूक आहे हे दाखवायलाच तो निघाला होता, पण गल्लीतलं घर न् घर ओळखीचं, लोक त्याच्याशी मोकळं बोलायचे, आणि विचारता विचारता तो ४० नंबरच्या घरातल्या आजारी बाळापर्यंत पोचला. आईने बाळाची लंगोटं धुतलेलं पाणी घरापुढच्या शोषखड्ड्यात ओतलं होतं. खणून पाहिलं तर खड्डा गळका, आणि पंपाच्या विहिरीपासून जेमतेम तीन फुटांवर, म्हणजे घाण थेट पिण्याच्या पाण्यात. त्याच बाळाच्या बापाला कॉलरा झाला ८ सप्टेंबरला, म्हणजे हँडल निघालं त्याच दिवशी! त्याची घाणही त्याच खड्ड्यातून पाण्यात गेली असती, त्यामुळे हँडल काढणं फुकट गेलं असं मी म्हणत नाहीये, पहिली लाट नाही पण दुसरी बहुतेक त्यानेच अडवली.

आणि सरकार हादरलं वगैरे तर काहीच नाही. बोर्ड ऑफ हेल्थच्या (सरकारी आरोग्य मंडळाच्या) कमिटीने स्नोचं म्हणणं फेटाळलं, कॉलरा खराब हवेने होतो हेच तुणतुणं चालू ठेवलं. १८५८ मध्ये स्नो गेला तेव्हाही बहुतेक डॉक्टर हवेलाच दोष देत होते.