दोन्ही टाचा टेकल्याच पाहिजेत का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनतीनदा वाचली. उत्तराला चार दिवस लागले, कारण "धन्यवाद, प्रत्येकाचं मत वेगळं" असं म्हणून विषय संपवावा असं वाटलं नाही, तुम्ही मनापासून लिहिलंय तर मीही तसंच लिहावं.

ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की उंची पाच फूट एक इंच असली आणि बाईक नवीनच शिकली असली तरी रेट्रो (जुन्या धाटणीची) बाईक घेता येते, सीटच्या उंचीचा आकडा वाचून घाबरू नका. त्यावर तुमचं म्हणणं असं की हा सल्ला धोक्याचा आहे, नवशिक्याच्या दोन्ही टाचा जमिनीला टेकल्याच पाहिजेत, टेकत नसतील तर सरळ स्कूटर घ्यावी, आणि रॉयल एनफिल्ड क्लासिक 350 सारखी 195 किलोची गाडी पडली तर उचलणार कोण? शेवटी "तुमचा लेख वाचून कुणाचा पाय मोडला तर जबाबदारी घ्याल का" असंही विचारलंय. ते लागलं मला, पण प्रश्न रास्त आहे.

आधी जे तुमचं शंभर टक्के बरोबर आहे ते. गाडीवर बसून ती मागे ढकलायची असेल तर चवड्यांवर ते होत नाही. सपाट जमिनीवर थोडंफार जमतं, पण पुढचं चाक जरा उतारावर असलं की संपलंच, पायात जोर लावायला टाच लागते आणि आपल्यासारख्यांची टाच हवेत असते. हे मी लेखात लिहिलंच नव्हतं आणि लिहायला हवं होतं. मी स्वतः काय करते तर खाली उतरते, डाव्या बाजूला उभी राहते, सीटची कड कमरेला टेकवते आणि हँडल धरून मागे नेते, म्हणजे वजन माझ्या अंगावर थोडंसं कललेलं राहतं आणि पलीकडे पडत नाही. आणि गाडी लावतानाच विचार करते की निघताना तोंड कुठे असेल, उतारावर नाक खाली करून लावायचीच नाही. सवय लागायला वेळ लागला पण आता त्याचा विचारही करावा लागत नाही.

आता जिथे पटत नाही ते. तुम्ही उंचीचा आकडा धरून बोलताय. क्लासिक 350 ची सीट 805 मिमी वर आहे. स्प्लेंडरची किती? 785. म्हणजे फरक दोन सेंटिमीटरचा, आणि कमी उंचीची किती माणसं रोज स्प्लेंडर चालवतात, त्यांना कुणी म्हणत नाही की टाचा टेकत नाहीत तर चालवू नका! मग क्लासिकवर बसल्यावर पोटात गोळा का येतो? कारण स्प्लेंडर 112 किलोची आहे आणि ही 195 ची. म्हणजे घाबरायचंच तर वजनाला घाबरावं, उंचीला नाही, आणि त्यातही ते वजन किती वर आहे याला. 13 लिटरची टाकी पूर्ण भरली की साधारण दहा किलो पेट्रोल तुमच्या गुडघ्यांच्या मधे, अगदी वरती येऊन बसतं, तीच गाडी अर्धी टाकी असताना हलवून बघा, फरक हाताला कळतो. नवीन असताना पहिले काही आठवडे मी टाकी अर्धीच भरायचे.

दुसरं म्हणजे तो मिलिमीटरचा आकडा सीटच्या रुंदीबद्दल काहीच सांगत नाही. मांड्या जितक्या फाकतात तितका पाय आखूड होतो, साधी गोष्ट आहे. पुढे निमुळती असलेली 800 ची सीट कधीकधी पसरट 780 च्या सीटपेक्षा सोपी जाते. आणि फूटरेस्ट! हे कुणी सांगत नाही. थांबताना पाय सरळ खाली सोडला की काही गाड्यांवर फूटरेस्ट बरोबर पोटरीवर येतो आणि पाय बाहेर ढकलतो, मग टेकणारा चवडासुद्धा टेकत नाही. पाय फूटरेस्टच्या पुढून सोडायचा की मागून हे शोरूममधेच बसून बघा, रोज वापरता त्या बुटांवर, चपलेवर नाही.

आता पडण्याबद्दल. माझी पडली आहे. शिकायला लागून दोन आठवडे झाले होते, पार्किंगच्या मोकळ्या जागेत डावीकडे यू टर्न घेत होते, हँडल पूर्ण वळलेलं, वेग चालण्याइतका. समोरून एक जण आडवा आला आणि मी पुढचा ब्रेक दाबला. बस. फोर्क, म्हणजे पुढचे शॉक, खाली गेला, गाडी जागेवर थांबली आणि सगळं वजन एका क्षणात डावीकडे आलं, पाय खाली टाकला तो बारीक खडीवर पडला आणि सरकला. मी दोन्ही हातांनी धरून ठेवायला बघितलं, ती दुसरी चूक, मनगट आठवडाभर दुखत होतं. क्लच लिव्हर वाकला, इंडिकेटर तुटला. उचलायला दोघंजण आले.

तेव्हा मलाही वाटलं की उंचीमुळेच झालं. पण पुढच्याच महिन्यात माझ्या एका मित्राची तीच गाडी अगदी तशीच पडली, वळताना पुढचा ब्रेक. तो पाच फूट दहा इंच, दोन्ही टाचा आरामात टेकतात. हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबला की गाडी जाते, पाय लांब असला काय आणि आखूड असला काय. एकदा जायला लागली की दोन्ही तळपाय टेकलेला माणूससुद्धा तेवढं वजन धरू शकत नाही. म्हणून मी म्हणते की पाय हा शेवटचा आधार आहे, त्याच्या आधी हाफ क्लच आणि मागचा ब्रेक आहे. हळू चालवताना क्लच अर्धा, थोडा थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटर), मागचा ब्रेक किंचित घासत ठेवायचा आणि नजर जिथे जायचंय तिथे, पुढच्या चाकाकडे नाही. हे रोज पंधरा मिनिटं मोकळ्या जागेत करा. मी महिनाभर केलं आणि त्यानंतर यू टर्नमधे पाय खाली टाकायची वेळ क्वचितच आली.

थांबताना दोन्ही पाय टाकायचेच नाहीत. कंबर डावीकडे सरकवायची, डावा पाय पूर्ण टेकवायचा, उजवा मागच्या ब्रेकवर. मला क्लासिकवर दोन्ही पाय टाकले तर फक्त चवडे टेकतात, तेही बुटांसकट, पण असं सरकून बसलं की डावा तळपाय जवळजवळ पूर्ण बसतो. चढावर तर हेच करावं लागतं, मागचा ब्रेक धरल्याशिवाय गाडी मागे येणारच. आणि थांबायच्या आधी जमीन बघायची, रस्त्याची कड उतरती असते तिथे उतरत्या बाजूचा पाय अजून खाली जातो, तिथे थांबायचं नाही, दोन फूट पुढे थांबायचं.

उचलायचं म्हणाल तर ते जमतं, पण हाताच्या जोरावर नाही. इंजिन बंद करायचं. गाडी उजव्या कुशीवर पडली असेल तर आधी साइड स्टँड काढून ठेवायचा आणि गिअरमधे टाकायची. हँडल जमिनीकडे पूर्ण वळवायचं, गाडीकडे पाठ करून खाली बसायचं, बूड सीटच्या कडेला टेकवायचं, एका हाताने हँडल, दुसऱ्याने मागची ग्रॅब रेल (मागे बसणाऱ्याने धरायची दांडी), आणि पाठ ताठ ठेवून पायांनी मागे छोटी छोटी पावलं टाकत उठायचं. लेग गार्ड असेल तर गाडी पूर्ण आडवी होत नाही, मग अर्धं काम झालेलंच असतं. पहिल्यांदा करताना कुणीतरी सोबत हवंच.

स्कूटरचा सल्ला मला अर्धाच पटतो. आधी हलकी गाडी शिका, हे मीही म्हणते, दोनतीन महिने 100-125 सीसीची गिअरची गाडी चालवा आणि मग या. पण ज्या मुलीला गोल हेडलाइट आणि तो संथ ठोका आवडलाय तिला स्कूटर दिली तर ती स्कूटर चालवेल आणि बाईक शिकायची राहून जाईल. शिवाय या गाड्या नवशिक्याला एका बाबतीत फार सांभाळून घेतात. क्लासिक 350 च्या इंजिनाचा पूर्ण टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद, 27 एनएम, 4000 आरपीएमलाच (इंजिनाच्या कमी फेऱ्यांवरच) मिळतो, त्यामुळे क्लच जरा चुकला तरी पटकन बंद पडत नाहीत, आणि कमी उंचीच्या माणसाची गाडी बंद पडल्यावरही पडू शकते.

195 किलो जास्तच वाटत असतील तर रेट्रोमधे हलक्याही आहेत. रॉयल एनफिल्डची हंटर आणि होंडाची हायनेस दोन्ही 181 किलो, टीव्हीएसची रोनिन 160, आणि कावासाकीची डब्ल्यू 175 तर 135 च. रॉयल एनफिल्डचीच मीटिअर 191 ची आहे पण सीट 765 वर, मला तिच्यावर सगळ्यात निवांत वाटलं, फक्त पाय पुढे ठेवून बसायची पद्धत आवडायला हवी.

सीटचा फोम कापणं, मागचे शॉक आखूड करणं, याची घाई मात्र करू नका. शॉक आखूड केले की साइड स्टँड लांब पडतो, गाडी जवळजवळ सरळ उभी राहते आणि वाऱ्यानेही पलीकडे पडू शकते, वळताना खालचे भाग लवकर घासतात ते वेगळंच. आधी प्रीलोड (मागच्या शॉकच्या स्प्रिंगचा ताण) सगळ्यात मऊ करून बघा, जाड तळव्याचे बूट घ्या, महिनाभर चालवा, आणि तरीही नकोसं झालं तर फोम.

राहिला जबाबदारीचा प्रश्न. मूळ लेखात "उंचीची काळजी करू नका" असं एक वाक्य होतं, ते आज काढलं. त्या जागी वजनाबद्दल आणि गाडी मागे घेण्याबद्दल दोन परिच्छेद टाकलेत. एकदा वाचून बघा आणि काही राहिलं असेल तर सांगा, तुमचा अनुभव माझ्यापेक्षा बराच जास्त आहे.