लहान विंचू जास्त विषारी? मेसेज पुढे पाठवण्याआधी

पाऊस सुरू झाला की गोव्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चपट्या, काळसर विंचवाचा एक फोटो फिरू लागतो. खाली मजकूर : 'हा लाल विंचू. जितका लहान तितका विषारी. माणसाच्या मागावर घरात शिरतो. चावल्यास ब्लेडने कापून रक्त काढा.' यातलं एकही वाक्य बरोबर नाही, आणि शेवटचं तर घातक आहे.

फोटो मोठा करून बघा. पुढचे चिमटे अंगाच्या मानाने रुंद, शेपूट आखूड आणि काडीसारखी बारीक. हा लिओकेलिस वंशातला विंचू, पूर्ण वाढूनही जेमतेम 3-4 सेंटिमीटर. भक्ष्य चिमट्यांनीच चिरडतो, नांगी क्वचित वापरतो. चावला तर थोडा वेळ दुखतं, जागा सुजते. खऱ्या लाल विंचवाचं नेमकं उलट : चिमटे सडपातळ, शेपूट जाड. त्याचा रंग नारिंगीपासून तपकिरीपर्यंत काहीही असतो, म्हणून रंगावर जाऊ नका.

'लहान तितका विषारी' हे बहुधा इंगळीवरून आलं असावं. काळी इंगळी लाल विंचवाहून मोठी आणि विषाने सौम्य, हे खरं. पण तो दोन जातींतला फरक झाला. एकाच जातीत पिल्लाच्या नांगीत विष कमीच मावतं.

माणसाच्या मागावर वगैरे काही नाही. हा चपटा विंचू दगडांच्या फटीत, झाडाच्या सालीखाली, कुजक्या लाकडात राहतो. गडग्याच्या चिऱ्यांत किंवा नारळाच्या सोडणांच्या राशीत पाणी शिरलं की कोरडी जागा शोधत घरात येतो.

आता ब्लेडचं. कापल्याने विष निघत नाही. जखम चिघळते आणि वेळ जातो. लाल विंचवाच्या दंशात वेळच महत्त्वाचा असतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन वापरून कोकणातले मृत्यू कमी केले, पण ते औषध मिळायला रुग्ण दवाखान्यात पोचावा लागतो. दरदरून घाम, उलट्या, थंड पडलेले हातपाय, धाप यांतलं काहीही दिसलं तर लगेच 108 ला फोन करा. मूल असेल तर लक्षणांची वाटही बघू नका, विंचू कोणताही असो. जमलं तर लांबून त्याचा फोटो घ्या. पकडत बसू नका.