‘गम्पेरळिय’ आणि झेरॉक्सचा आरोप

सध्या एक फॉरवर्ड फिरतोय. श्रीलंकेतला सिंहली सिनेमा म्हणजे हिंदी-तमिळ सिनेमाची झेरॉक्स. श्रीमंत मुलगी, गरीब मुलगा, मध्ये पाच-सहा गाणी. चांगली कादंबरी हाती आली तरी तिचाही मसालाच. वर पुस्ती अशी, की सिंहली ही तमिळचीच बोली.

भाषेचं आधी उरकून टाकू. सिंहली मराठीच्या नात्यातली, तमिळ द्राविडी कुळातली. शेजारामुळे सिंहलीत तमिळ शब्द आलेत, पण मराठीत फारसी शब्द काय कमी आहेत? ‘गम्पेरळिय’ या सिंहली सिनेमाच्या नावातला ‘गम’ म्हणजे आपलं गाव. पुढचा ‘पेरळिय’ म्हणजे उलथापालथ, आणि लिहिताना त्यात ळसुद्धा आहे.

नकलेचा आरोप मात्र अगदीच हवेतला नाही. १९४७ साली पहिला सिंहली बोलपट तयार झाला तो दक्षिण भारतातल्या स्टुडिओत, आणि पुढे कैक वर्षं तोच साचा चालला. पण फॉरवर्ड लिहिणाऱ्याचं घड्याळ तिथेच बंद पडलंय. १९५६च्या ‘रेकाव’ या सिनेमात दिग्दर्शक लेस्टर जेम्स पीरिस यांनी कॅमेरा खेड्यात नेला. १९६३च्या ‘गम्पेरळिय’त तर स्टुडिओ पूर्णच सोडला. बलपिटियातलं खरंखुरं जुनं घर, आणि नायक-नायिकेचं नाचगाणं अजिबात नाही.

आता श्रीमंत मुलगी, गरीब मुलगा. गोष्ट वरवर तशीच आहे, हे कबूल. वलव्वात, म्हणजे गावच्या मानकऱ्याच्या वाड्यात, पियल हा तरुण नंदाला इंग्रजी शिकवायला येतो. त्याचं तिच्यावर मन बसतं, पण तो कुळाने कमी, म्हणून घरचे नंदाला जिनदासला देतात. याचं कुळ चोख, खिसा रिकामा! तो पैसा कमवायला परमुलखात जातो आणि तिकडेच वारल्याची बातमी येते. दरम्यान पियल कोलंबोत पैसेवाला झालेला असतो. त्याचं नंदाशी लग्न होतं, आणि मग निरोप येतो, की जिनदास मेला तो आत्ता. दुसऱ्या नवऱ्याच्या घरातून नंदा पहिल्याचं प्रेत ओळखायला जाते. यात खलनायक कोण? मला तरी सापडला नाही. कुळाचा मान घसरतोय, पैशाचा वाढतोय, आणि नंदा त्या दोहोंच्या मधोमध उभी आहे. तोंडाने ती फारसं काही बोलत नाही, आणि सिनेमाही तिला बोलायला लावत नाही.

कादंबरीचा मसाला? सिनेमा ज्यावरून आला ती मार्टिन विक्रमसिंह यांची कादंबरी १९४४ची, तीन भागांतला हा पहिला. पीरिस यांनी पुढे ऐंशीच्या दशकात उरलेल्या दोन भागांवरही सिनेमे काढले. मसाल्यापुरतं पुस्तक हवं असलेला माणूस वीस वर्षांनी त्याच लेखकाकडे कशाला परत जाईल?

राहता राहिली झेरॉक्स. भारताचा जो आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव आता दरवर्षी गोव्यात भरतो, तो १९६५ साली दिल्लीत भरला होता. त्यातला सुवर्णमयूर, म्हणजे सर्वोच्च पुरस्कार, मिळाला तो ‘गम्पेरळिय’लाच.