'फुकटे' म्हणणाऱ्या दादांना, जरा लांबलेलं उत्तर

दादा, कमेंटबद्दल आभार, मनापासून म्हणतोय, टोमणा नाही. मागच्या पोस्टमध्ये मी गोवंडीकडच्या आमच्या वस्तीच्या पात्र-अपात्र यादीबद्दल (म्हणजे झोपडीच्या बदल्यात घर कुणाला मिळणार, कुणाला नाही, याची यादी) लिहिलं त्यावर तुमचं म्हणणं असं की मी झोपडपट्टीचं कौतुक करत बसलोय, हे लोक गावाकडून लोंढ्याने येतात, सरकारी जागा बळकावतात, वर फुकट घर घेतात आणि तुम्ही मात्र वीस वर्षं हप्ते भरून विरारला वन बीएचके घेताय. हप्त्यांचं दुखणं कळतं हो मला. मी डोंबिवलीत भाड्याने राहतो, अकरा महिने संपत आले की पोटात गोळा येतो.

कौतुक वगैरे काही नाही. पावसाळ्यात संडासच्या रांगेत घोटाभर पाण्यात उभं राहून ज्याची पहिली तासिका बुडलीय तो वस्तीचं कौतुक कशाला करेल.

आधी लोंढ्याचं बोलू. २००१ ते २०११ च्या जनगणनेत मुंबई १ कोटी १९ लाखांवरून १ कोटी २४ लाखांवर गेली, म्हणजे दहा वर्षांत चार टक्के. मुंबई शहर जिल्ह्यात तर माणसं कमी झाली, ३३ लाखांची ३१ लाखांच्या आत आली. आणि तेव्हाचा ठाणे जिल्हा त्याच काळात ३६ टक्क्यांनी फुगला. म्हणजे लोंढ्याचं तोंड कधीच कल्याण-विरारकडे वळलंय दादा, त्यात मी आहे आणि माफ करा पण तुम्हीही आहात, सकाळच्या लोकलला लटकणारा प्रत्येकजण आहे.

आमचे आजोबा आले ते बहात्तरच्या दुष्काळात, जालन्यातल्या परतूरकडून. आजी त्याआधी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, मिलोच्या भाकरी खाऊन दिवस काढले म्हणायची, त्या तांबड्या ज्वारीचं नाव काढलं तरी तोंड वाकडं करायची. इथे आल्यावर आजोबांना बिगारीचं काम दुसऱ्या दिवशी मिळालं. घर मात्र मिळालं नाही, आणि ही गंमत मला अजून पचत नाही, की या शहराला काम करायला माणूस लगेच हवा असतो पण तो रात्री झोपणार कुठे हे कुणी विचारत नाही. गिरण्यांच्या जमान्यात निदान चाळी तरी बांधल्या गेल्या, मग १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी गोठली आणि भाड्याने देण्यासाठी घर बांधणं हा धंदाच बसला. तो कायदा भाडेकरूंच्या भल्यासाठीच होता, त्याबद्दल वाद नाही, पण बिगाऱ्याने खोली शोधायची कुठे? गोवंडीकडे खाडीलगत चिखल होता, तिथे भरणी टाकली, बांबू रोवले, पत्रा टाकला. त्या जागेला तेव्हा कुत्रं विचारत नव्हतं.

आणि 'बळकावली' म्हणताना जनता कॉलनी आठवा. ट्रॉम्बेजवळ ही वस्ती पालिकेनेच वसवलेली, शहरातून उठवलेल्या लोकांना तिथे नेऊन. शेजारी अणुसंशोधन केंद्र आलं, जागा हवी झाली, आणि मे १९७६ मध्ये आणीबाणी चालू असताना साधारण ७० हजार माणसं तिथून उचलून चिता कॅम्पच्या दलदलीत नेऊन टाकली. आता यात अतिक्रमण कुणी केलं ते तुम्हीच सांगा.

फुकट घराचं. तुमच्या टॅक्समधून त्या इमारती बांधत नाहीत. १९९५ ला एसआरए, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण, आलं त्याचा हिशोब असा, की बिल्डरला जादा एफएसआय, म्हणजे त्याच जमिनीवर जास्त बांधकाम करायची परवानगी, मिळतो, तो बाजूला विक्रीचा टॉवर उठवतो आणि त्या नफ्यातून झोपडीवाल्यांची इमारत बांधतो. जमीन सरकारी असेल तर ती तुमची पण आहे, हे कबूल. पण मग बाजूच्या टॉवरमधल्या तीन कोटींच्या फ्लॅटखाली पण तीच जमीन आहे, तिथल्या लोकांना फुकटे म्हटल्याचं मी तरी ऐकलं नाही.

तुमचा एक मुद्दा मात्र शंभर टक्के मान्य. वस्तीत दादा लोक आहेत, पाच-पाच खोल्या अडवून भाडं खाणारे आहेत, मिळालेलं घर पॉवर ऑफ ॲटर्नीवर विकून परत झोपडीत जाणारेही आहेत, आमच्याच गल्लीतले दोन मला माहितीत. त्यांची बाजू मी घेणार नाही. (विकणाऱ्यातल्या एकाने मेंटेनन्स आणि बंद लिफ्ट यांना कंटाळून विकलं, सातव्या मजल्यावर त्याच्या आईला दम लागायचा, पण असो.)

राहिलं अधिकृत-अनधिकृत. तो सगळा तारखेचा खेळ आहे. आधी १ जानेवारी १९९५ च्या आधीचे पात्र, मग २०००, आणि मग २०११ पर्यंतचे पैसे भरून. माणूस तोच, पत्रा तोच, नवा जीआर निघाला की अपात्रचा पात्र होतो. म्हणून वस्तीत घरात काही असो नसो, पुराव्याची पिशवी असते. आमची साडीच्या दुकानातली आहे, जांभळी, बंद तुटलाय म्हणून सुतळीने बांधलेली. २००५ च्या २६ जुलैला पाणी छातीपर्यंत आलं तेव्हा आईने टीव्ही सोडला, गॅस सोडला आणि ती पिशवी डोक्यावर धरून पोटमाळ्यावर चढली. आत १९७६ चा फोटोपास, म्हणजे झोपडीवाल्यांना सरकारने दिलेलं फोटोचं ओळखपत्र, आहे, त्यावर आजी-आजोबा दोघं कॅमेऱ्याला घाबरल्यासारखे बघतायत. मग रेशनकार्ड, मतदार यादीची झेरॉक्स, लाईट बिलं, त्यातली जुनी शेजाऱ्याच्या नावावर कारण एका मीटरवर चार घरं चालायची.

एवढं असून आम्ही यादीत अपात्र. का, तर फोटोपासवर आजोबा किसन आहेत आणि मतदार यादीत कृष्णा. हे दोघं एकच कशावरून, असं टेबलापलीकडून विचारलं आम्हाला. वडील म्हणाले, साहेब तेच विचारायला त्यांना बोलवायचं तर ते जाऊन सोळा वर्षं झाली.

अपिलाची तारीख मंगळवारची आहे. अर्धी रजा टाकून, पिशवी घेऊन वडिलांबरोबर जातोय, तेव्हा तुम्ही परत काही लिहिलंत तर उत्तर बुधवारनंतरच देईन.